बद्द तंबोऱ्याची सोबत

जवारी काढणाऱ्याचा, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार देणाऱ्याचा, हात उशिरा थकतो, कान आधी. वयाबरोबर माणसाच्या कानातून वरची, बारीक कंपनं सर्वांत आधी निसटतात आणि जवारीचा सगळा खेळ नेमका तिथेच चाललेला असतो. मिरजेतल्या एका तंबोरेवाल्याला हे साठीनंतर कळलं, तेही पुतण्याने तोंडावर सांगितलं तेव्हा. "चाचा, वर चरचरतंय," पोरगा म्हणाला. चाचांना ती तार गोड लागत होती. (लिहिणारा आणि चाचा एकच आहेत. पण 'मी' म्हटलं की बढाई सुटते, म्हणून त्याला 'तो'च म्हणू या.)

तेव्हापासून त्याने बसायच्या जागेशेजारी एक तंबोरा कायमचा टेकवून ठेवला आहे. भोपळा पंढरपूरकडचा, तुणीचं लाकूड जुनं, बांधणी निर्दोष. घोडी मात्र मुद्दाम मारून टाकलेली. तार एका टोकाला टेकते, पाठीवरून घासत जात नाही. छेडली की बद्द वाजते आणि तिथेच संपते, आस म्हणून नाही. नव्या घोडीवर कानस चालवण्याआधी तो हा तंबोरा छेडतो. मग नवा. मग परत हा.

कान लाडावतो, हे त्यामागचं कारण. झंकार ऐकत बसलं की थोड्या वेळाने तो कमी वाटू लागतो, कानस आणखी एकदा फिरते, मग आणखी एकदा, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येईपर्यंत तंबोरा डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा भणभणत असतो. मधे बद्द तार ऐकली की कान ताळ्यावर येतो. वरचं नेमकं किती वाजतंय हे या कानाला आता सांगता येत नाही. दोन तारांतला फरक मात्र अजून साफ कळतो. त्या फरकावरच सध्या दुकान चाललं आहे.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर वाजू नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत ते खुशाल वाजतात, कारण तार रुंद, किंचित उतरत्या घोडीला घासत थरथरते आणि आपली ताकद वरच्या उपस्वरांकडे सोडत राहते. खर्जातून गंधार येतो तो असा. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषादही डोकावतात. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा काढून घ्या, गंधार मावळतो. जागेवर सरकवा, उमलतो. ही करामत गिऱ्हाइकासमोर करायची या कारागिराला भारी हौस आहे. आधी दोऱ्याविना तार ऐकवायची, समोरच्याचा चेहरा पुरता पडू द्यायचा आणि मग दोरा सरकवायचा. सरळ तयार तंबोरा हातात दिला तर माणूस 'छान आहे' म्हणतो आणि किमतीवर येतो.

छळतो तो खर्ज.

चारही तारा एकाच घोडीवर, पण मधल्या दोन पोलादी जोडी आणि शेवटचा पितळी खर्ज यांचे स्वभाव उलटे. खर्ज जाड, त्याचा हेलकावा मोठा. त्याला घोडीचा उतार वेगळा हवा. खर्जाखाली घासायला जावं तर कानस शेजारच्या जोडीला लागतेच. जोड पातळ होते. जोड सावरावी तर खर्ज मिटतो. सकाळी बसलेला गंधार दुपारच्या उन्हात पळालेला असतो, आणि पावसाळ्यात तबली ओल धरते त्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं. त्याने जाड तार लावून पाहिली, बारीक लावून पाहिली, सुताऐवजी रेशीम घातलं, उतार अलीकडे घेतला, पलीकडे घेतला. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर उतार शोधायला लागली तेव्हा घरातल्यांनी ताट बदललं, सवय तशीच राहिली.

शेवटी त्याने खर्जावरचा हात काढला आणि आधीच्या तारेकडे वळला. छेडण्याचा क्रम पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्जाच्या लगेच आधी येणारी दुसरी जोड त्याने किंचित मिटवली, आणि खर्जाला न शिवता खर्ज उघडल्यासारखा ऐकू येऊ लागला. दर तंबोऱ्याला ही युक्ती मानवत नाही. शिवाय जाणता गवई दोन जोडींतला फरक पकडतोच, आणि मग हसू लपवत विचारतो, "ही एक जरा रुसलीय का हो?"

सतारवाल्यांनी तर या उघडझाकीवर पंथच काढले. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची मिटती, गोल. दोन्हीकडचे चाहते दुकानात येऊन एकमेकांच्या आवाजाला नावं ठेवतात. कारागिराचा कयास असा की यांतला एक नसता, तर दुसऱ्याच्या आवाजाची वेगळी चव इतक्या लोकांना लागली नसती. तो हे दोघांनाही सांगत नाही. दोघांच्याही घोड्या घासायच्या असतात.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर मात्र त्याचा उघड राग आहे, आणि त्यात पोटदुखी किती हे त्याला पक्कं ठाऊक आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये तयार झालेली ती पेटी आता फोनमध्ये शिरली. ती उतरत नाही ही तिची ख्याती, आणि त्याच्या मते हाच तिचा दोष. दोन जोडी जुळवताना सुरांत जरासा फरक असला की नाद डोलतो. मणी सरकवत जावं तसतसा डोल संथ होतो आणि एकदम थांबतो. बेसुरापासून सुरापर्यंत रोज कानाने चालत न गेलेल्या मुलाला सूर लागला म्हणजे काय झालं, हे कशावरून कळावं? वाद्याला स्वतः हात लावणारे गवईही होते: अब्दुल करीम खाँ मिरजेचेच म्हणायचे. वाद्यं ते आपली आपण दुरुस्त करत. ते १९३७ साली गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथे हा कारागीर रात्रभर बसतो, गाणं कमी आणि तंबोरे जास्त ऐकतो. आपला तंबोरा शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो असा त्याचा दावा आहे. दुसऱ्याचा बरा वाजत असला तर तो चहाला उठतो.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत हा धंदा उभा केला. पोलाद घासणाऱ्या हातांना घोडी घासणं जड गेलं नसावं. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले गेले. माल मात्र बदलला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबरशिंगाच्या घोडीचे दिवस सरले, आणि ते सरले हे योग्यच. आता उंटाचं हाड, शिसवी, नाहीतर कृत्रिम घोडी. कृत्रिम घोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी घासली जाते, कुठे अडत नाही, कुठे रुसत नाही. यातही त्याची तक्रार आहेच: हाताला काही कळेनासं झालंय.

हल्ली शेवटचा हात पुतण्याचा असतो. वरचं सगळं ऐकू येत असल्याने तो तार जास्त मिटवतो. ऐकू येत नसल्याने चाचा जास्त उघडतात. बद्द तंबोरा दोघांच्या मधे ठेवलेला असतो आणि भांडण त्याच्याच साक्षीने होतं. घोडी कुठेतरी अधेमधे थांबते, आणि ती जागा बरेचदा बरोबर निघते. तंबोरा बाहेर आला की गिऱ्हाईक विचारतं, जवारी कुणाच्या हातची? पुतण्या तोंड उघडायच्या आत चाचा उत्तर देऊन मोकळे झालेले असतात.