तीन बोटांचा 'आ'

मराठीने पानसुपारीला मोठा मान दिला आहे. पैजेचा विडा उचलतात, लग्न ठरले की सुपारी फुटते. त्यामुळे सुपारीत काही वावगे असेल ही शंकाच आपल्या घरांत सहसा येत नाही.

जबड्याचा सांधा कानाच्या लगेच पुढे असतो. तेथे बोट टेकवून तोंड उघडले की तो आधी फिरताना आणि मग पुढे सरकताना जाणवतो. मधली चकती त्याचे घर्षण सांभाळते. जेवणानंतर त्याला विसावा मिळावा, अशी ही रचना आहे. येमेनमध्ये 'खात' नावाच्या झुडपाची उत्तेजक पाने तासन्‌तास एका गालात धरतात आणि त्यातून सांध्याच्या तक्रारी उद्भवतात. आपल्याकडे विडा जेवणानंतरचा होता. पुडी मात्र जेवणाची वाट पाहत नाही.

सुपारीचा मार याहून वेगळा आहे. तिच्यातील अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साठतात आणि पट्टे आवळत जातात. सांधा पुष्कळदा शाबूत असतो, पण गालच त्याला उघडू देत नाहीत. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या विकारात दोन, पुढे एक. त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि तो कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो.

वरणगावात स्वरविचार शिकवताना हे मला कानांनी कळले. 'आ' हा विवृत स्वर. त्यासाठी जबडा खाली यावाच लागतो. विशीतल्या एका विद्यार्थ्याचा 'आ' उमटेचना. 'दाढ दुखते, सर' एवढेच तो म्हणाला. डब्यातली शेवभाजीही त्याला झोंबू लागली होती. दंतवैद्याने दाढेकडे पाहिलेही नाही. आधी सुपारी किती खातोस, ते विचारले.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रिकाम्या पुड्या वर्गाच्या खिडकीखाली रोज सापडतात. एकदा बसलेले पट्टे सहसा पूर्ण सुटत नाहीत. सुपारी सोडली, तोंड उघडण्याचे व्यायाम केले, तर पुढचे आवळणे रोखता येण्याची आशा असते. म्हणून तिखट झोंबू लागताच, तीनाची दोन बोटे होण्याआधीच, सावध व्हावे. ही तपासणी आरशापुढे अर्ध्या मिनिटात होते.