तीनशे छप्पन्न

राज्यघटनेच्या अठराव्या भागात त्याचं बिऱ्हाड आहे. शेजारीपाजारी सगळे आणीबाणीचे. त्यातलं आर्थिक आणीबाणीचं कलम ३६० आजवर एकदाही घराबाहेर पडलेलं नाही. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ मात्र शंभराहून अधिक वेळा राज्याराज्यांत जाऊन आलं. ते आलं की मुख्यमंत्री जातात, मंत्रालयाची सूत्रं राज्यपालांकडे आणि राज्याचे कायदे संसदेकडे जातात.

त्याचं रक्त इंग्रजी आहे. १९३५च्या कायद्यातलं कलम ९३ हा त्याचा पूर्वज. १९३९ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नरांनी हाती घेतला तो त्याच कलमाच्या बळावर. असा वारसा स्वतंत्र देशाच्या घटनेत कशाला, असा सवाल संविधान सभेत झाला. त्याचा गैरवापर होऊ शकतो, हे डॉ. आंबेडकरांनी नाकारलं नाही. ते वापरायची वेळच न येवो, ते कागदावरच राहो, अशी आशा मात्र त्यांनी ४ ऑगस्ट १९४९ रोजी बोलून दाखवली.

ती फळली नाही. १९५९मध्ये केरळात नंबुद्रिपादांचं सरकार विधानसभेत बहुमत असताना गेलं. १९७७ साली जनता सरकारनं नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घालवली. १९८०मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांत तेच केलं. त्यात १७ फेब्रुवारीला शरद पवारांचं महाराष्ट्रातलं पुलोद सरकारही गेलं. दोन्ही वेळचा युक्तिवाद एकच: लोकसभेत हरलात, म्हणजे राज्यातही जनता तुमच्यामागे नाही. मला हा युक्तिवाद कधीच पटलेला नाही. खासदार निवडणारं मत वेगळं, आमदार निवडणारं वेगळं. एकानं दुसरं रद्द होत नाही.

या कलमाच्या स्वभावातला खरा दोष उघडा पडला तो बंगळूरला. एप्रिल १९८९मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचा पाठिंबा काढल्याची एकोणीस आमदारांची पत्रं राज्यपालांच्या हाती आली. त्यातल्या सात जणांनी लगेच घूमजाव केलं. आमच्या सह्या फसवून घेतल्या, असं त्यांचं म्हणणं. बोम्मई म्हणत होते, विधानसभा बोलवा, मी बहुमत सिद्ध करतो. सभागृह भरलंच नाही. राज्यपालांनी दिल्लीला अहवाल पाठवला आणि २१ एप्रिलला सरकार बरखास्त झालं. निवडून आलेल्या माणसांची मोजणी राजभवनाच्या एका खोलीत उरकली गेली!

बोम्मई उच्च न्यायालयात हरले, तरी मागे हटले नाहीत. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी या कलमाला वेसण घातली. बहुमत सभागृहातच मोजायचं. राष्ट्रपतींच्या घोषणेमागची कारणं न्यायालय तपासणार. संसदेची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही, आणि घोषणा चुकीची ठरली तर गेलेलं सरकार परतही येऊ शकतं. स्वतः बोम्मईंना यातून खुर्ची मिळाली नाही. तोवर कर्नाटकात निवडणूक होऊन दुसरं सरकार आलं होतं. संघराज्य टिकवण्यासाठी स्वतःच्या पदरात काही पडणार नसताना इतकी वर्षं लढणाऱ्या या माणसाचं आपल्यावर मोठं ऋण आहे.

त्या निकालानंतर कलम ३५६च्या फेऱ्या विरळ झाल्या. उत्तर प्रदेशासाठी आलेली शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९७मध्ये फेरविचारासाठी परत पाठवली आणि केंद्रानं ती सोडून दिली. २०१६मध्ये उत्तराखंडचं सरकार न्यायालयामुळे परत आलं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, ते कलम १२ नोव्हेंबर २०१९ला आलं आणि २३ तारखेच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी, मंत्रिमंडळाची बैठक न होताच, उठलं. त्याच सकाळी देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला. विरोधक न्यायालयात गेले. २६ नोव्हेंबरला आदेश आला: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत विधानसभेत बहुमत सिद्ध करा, मतदान खुलं घ्या, थेट प्रक्षेपण करा. मोजणीची वेळच आली नाही. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्या आदेशातही बोम्मई खटल्याचा हवाला होता.