धडकल्यानंतरचं पुढचं हर्डल

सप्टेंबर लागला की लॅम्बोर्नमध्ये जो तो एकच विचारतो, यंदा तुमच्याकडे नवीन कोण? नालबंद नाल ठोकता ठोकता विचारतो, चाऱ्याची गाडी आणणारा विचारतो. स्विंडनला गोवेकरांच्या दुकानात बांगडे घ्यायला गेलो तर तिथले काकाही कागद-पेन घेऊन तयार असतात. बर्कशायरमधलं हे छोटं गाव शर्यतीच्या घोड्यांवरच जगतं. सकाळी घोड्यांच्या रांगा रस्त्यावरून टेकडीकडे निघतात आणि मोटारी मागे मुकाट थांबून राहतात. मी त्या रांगेतला एक. पुण्याच्या रेसकोर्सवर राइडिंग बॉय म्हणून शिकलो, आणि आता बरीच वर्षं इथल्या एका यार्डात रोज सकाळी उड्यांच्या शर्यतीचे घोडे फिरवतो. ऑक्टोबरात चेपस्टोला खरा मोसम सुरू होईपर्यंत आम्हा सगळ्यांच्या डोक्यात नॉव्हिस हर्डलर्सशिवाय दुसरं काही नसतं.

नॉव्हिस म्हणजे मोसम सुरू होईपर्यंत ज्याने हर्डलची एकही शर्यत जिंकलेली नाही असा घोडा. हर्डलची शर्यत कमीत कमी दोन मैलांची असते आणि वाटेत निदान आठ हर्डल्स, प्रत्येक साडेतीन फुटांचं. स्टीपलचेसच्या फेन्स साडेचार फुटांच्या आणि भरीव असतात, तिथे चूक झाली की घोड्याला जबर फटका बसतो. हर्डल मात्र धडक लागली की झुकतं. म्हणून इथे उंच उडी कामाची नाही. धावता धावता पाय आखडून एक टाप लांब टाकायची, पलीकडे उतरायचं आणि उतरतानाच पळत राहायचं. हवेत जितका वेळ जास्त, तितकी लांबी, म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर, वाया.

पुण्यात आमची नजर घड्याळावर तयार झाली. पावसाळ्यातल्या पहाटे सहाशे मीटर किती सेकंदांत गेला, यावर घोड्याचं नाव व्हायचं आणि ते आकडे छापूनही यायचे. फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी होते ती चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे तिकडे चौथं वर्ष हे ऐन बहराचं. इथे चार वर्षांचा घोडा बालवाडीत असतो. अंगाने मोठा, हाडाने कच्चा, आणि डोक्याने कसा निघेल ते कोणालाच माहीत नसतं. सकाळच्या कामात कोणी घड्याळ काढत नाही. माझी इथली पहिली काही वर्षं बघायचं काय हेच नव्याने शिकण्यात गेली.

ही नवी पोरं तीन वाटांनी येतात. काही बम्परमधून. बम्पर म्हणजे उड्या नसलेली सपाट शर्यत, पण याच जातीच्या सावकाश वाढणाऱ्या घोड्यांसाठी. काही आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंटमधून, तिथे शेतावरच्या तीन मैलांत ते फेन्सवरून उड्या मारून आलेले असतात. उरलेले सपाट शर्यतींच्या तबेल्यांतून. इस्ताब्राक तसाच आला. सपाट शर्यतीसाठी जन्माला घातलेला हा घोडा १९९७ साली चेल्टनहॅमला नॉव्हिसची शर्यत जिंकला आणि पुढे १९९८ ते २००० सलग तीनदा तिथलंच चॅम्पियन हर्डल. बम्परवाल्यांत मॉन्टेलाडोचं उदाहरण जुनी माणसं अजून देतात: १९९२ साली चेल्टनहॅमचा पहिलावहिला चॅम्पियन बम्पर त्याने जिंकला आणि पुढच्या वर्षी सुप्रीम नॉव्हिसेस हर्डलही.

पण बम्परच्या विजयावर मी फार भाळत नाही. बम्परमध्ये घोडा किती पळतो आणि दम किती टिकतो एवढं कळतं. समोर अडथळा आल्यावर त्याचं मन काय करतं हे अजून कोणी त्याला विचारलेलंच नसतं. किमतीवर तर मी मुळीच जात नाही. जॉनबॉन नावाचा घोडा ५,७०,००० पौंडांना विकला गेला होता. कॉन्स्टिट्यूशन हिल टिपरेरीच्या पॉइंट-टू-पॉइंटमध्ये दुसरा आलेला घोडा, तो १,२०,००० पौंडांना गेला. दोघेही लॅम्बोर्नजवळच सेव्हन बॅरोजला, निकी हेंडरसन यांच्याकडे आले. मार्च २०२२ मध्ये सुप्रीमला दोघे एकमेकांसमोर पळाले आणि कॉन्स्टिट्यूशन हिल २२ लांबींनी जिंकला. जॉनबॉन मागे दुसरा होता, आणि तोही मोठाच घोडा निघाला, पुढे फेन्सवर त्याने मोठमोठ्या शर्यती मारल्या. तरी त्या दिवशी दोघांतलं अंतर विक्रीच्या कागदावरून कोणाला सांगता आलं नसतं.

आमचं काम जुलैत सुरू होतं. उन्हाळाभर कुरणात चरून पोट सुटलेले घोडे आत येतात. आधी आठवडेच्या आठवडे नुसतं चालणं आणि दुडकी, मग टेकडीवर सावकाश कॅंटर. ऑगस्टच्या शेवटी जमिनीवर टाकलेल्या बांबूंवरून चालवतो, मग ओंडका, मग बुटकी हर्डल्स, आणि सप्टेंबरात स्कूलिंगच्या मैदानावर पूर्ण उंचीची. बाजूला एक अनुभवी घोडा असतो, त्याच्या संगतीने नवखा निर्धास्त होतो. हर्डलची चौकट आता पांढरी असते. पूर्वी नारिंगी असायची. एक्सेटर विद्यापीठाने अभ्यास करून दाखवलं की नारिंगी रंग घोड्याला हिरव्यातून नीट उठून दिसतच नाही, आणि २०२२ मध्ये ब्रिटनभर रंग बदलला. इतकी वर्षं तो रंग माणसाच्या डोळ्याला दिसतो म्हणून होता. हा बदल झाला याचा मला फार आनंद आहे.

पहिल्या चांगल्या उडीवरून मी काही ठरवत नाही. माझी नजर असते ती पहिल्या धडकेवर. प्रत्येक नवखा कधी ना कधी हर्डलला लागतोच, गुडघ्याने नाहीतर मागच्या पायाने. फळी वाजते, अंगाला चटका बसतो. त्यानंतर पुढचं हर्डल शंभर-दीडशे पावलांवर असतं. तेवढ्या अंतरात घोडा स्वतःशी जे ठरवतो, ते मला बघायचं असतं.

यंदा आमच्याकडे एक तांबडा आहे. देखणा, मान कमानीसारखी, बम्पर जिंकलेला, मालकांचा लाडका. पहिले दोन आठवडे त्याने एकाही फळीला पाय लावला नाही. बघणारे खूश होते. मग एका सकाळी मधल्या हर्डलला त्याचे दोन्ही गुडघे लागले. पुढच्या हर्डलवर तो नको इतका उंच उडाला, चारी पायांवर धपकन उतरला आणि जवळजवळ थांबलाच. त्याच्या पुढच्यावर उजवीकडे वाकडा गेला. आजही तो उडतो, छान उडतो, पण उडी घेण्याआधी पोटाखाली आकसतो, ते खोगिरावर बसणाऱ्याला लगेच कळतं. ही भीती जाते, वेळ मात्र लागतो. त्याला डिसेंबरपर्यंत घाईत पळवू नये असं माझं ठाम मत आहे आणि मी ते सांगितलंही आहे.

दुसरा एक कुमैत. मान खाली, पुठ्ठे टोकदार, पॅडॉकमध्ये कोणी वळून बघणार नाही असा. पॉइंट-टू-पॉइंटमध्ये एकदाच पळाला आणि चौथा आला. तो पहिल्याच दिवशी धडकला. फुरफुरला, कान पुढे केले, आणि पुढच्या हर्डलआधी आपणहून एक आखूड टाप घेऊन नेमका जागेवर आला. मी हात हलवला नव्हता, टाच लावली नव्हती. मी मुद्दामच शांत बसतो, कारण मी सांगितलं तर विचार माझा होतो, घोड्याचा नाही. त्याने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा फळी वाजवली, तेव्हाही पुढची उडी आधीपेक्षा नीट होती.

पुण्याहून नुकताच आलेला एक पोरगा आमच्यात आहे, मगरपट्ट्याकडचा. तो कठड्यावरून ओरडला, "दादा, तांबडा कसला उडतो बघा!"

"अरे, उडताना नको बघू. उतरल्यावर तिसऱ्या टापेला कुठे असतो ते बघ."

तो दोन दिवस कठड्याला टेकून तेवढंच बघत राहिला. मग म्हणाला, "कुमैत तिसऱ्या टापेला पुढे असतो, दादा. उडीत मागे पडतो, पण उतरल्यावर पुढे." मला फार बरं वाटलं. सहाशे मीटरच्या आकड्यांवर वाढलेल्या पोराला हे एवढ्या लवकर दिसलं.

दुसरं बघायचं म्हणजे श्वास. टेकडी चढताना कान देऊन ऐकायचं. मोठ्या चणीच्या घोड्यांत स्वरयंत्राची एक बाजू, बहुतेक वेळा डावी, नीट उघडत नाही आणि घरघर येते. शस्त्रक्रिया होते, आणि जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये तशी शस्त्रक्रिया झालेल्या घोड्याची नोंद रेसकार्डवर करावी लागते. ही नोंद वाचावी. शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्यांदा पळणारा घोडा मागच्या शर्यतींहून अगदी निराळा असू शकतो.

आणि स्वभाव. जो पहिल्या मैलात तोंड वर करून लगाम ओढत राहतो, त्याच्याकडे शेवटच्या चढाला काही शिल्लक नसतं. चेल्टनहॅमचा चढ अशांना अजिबात सोडत नाही.

चेपस्टोला ऑक्टोबरात पर्शियन वॉर नॉव्हिसेस हर्डल होते. ज्याच्या नावाने ती आहे तो घोडा १९६८ ते १९७० तीनदा चॅम्पियन हर्डल जिंकला, आणि त्याला तयार करणारे कॉलिन डेव्हिस त्याच परिसरातले. हा कोर्स चढउतारांचा, त्यामुळे उडीची लय सतत बदलावी लागते. तिथे मी जिंकणाऱ्याइतकंच तिसऱ्या-चौथ्याकडे बघतो. २०१६ च्या सुप्रीममध्ये अल्टिऑर पहिला, मिन दुसरा आणि ब्यूव्हर डेर तिसरा आला. त्या तिसऱ्याने पुढे २०१७ आणि २०१८ चं चॅम्पियन हर्डल नेलं. पहिल्या शर्यतीत हरलेला पण शेवटच्या दोन हर्डल्सवर दमलेला असतानाही टाप मोजून घेणारा घोडा मी मनाशी धरून ठेवतो.

अर्थात वेगात काहीही होतं. चेल्टनहॅमला २०२० च्या ट्रायम्फ हर्डलमध्ये गोशेन हा घोडा स्पष्ट आघाडीवर असताना शेवटच्या हर्डलला जॉकी खाली आला. मार्च २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये तर खुद्द कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. ते बघताना आमच्या टीव्हीसमोर कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तो उठून उभा राहिल्यावरच सगळे परत श्वास घ्यायला लागले. ज्यांनी या घोड्यांना पहिल्या बांबूवरून चालवलेलं असतं त्यांना निकाल नंतर आठवतो.

परवा ट्रेनरनी मला थेट विचारलं, यंदाच्या नव्यांत तुझा कोण? मी कुमैत म्हणालो. दोन मैलांत त्याची घाई होईल, त्याला अडीच मैल द्या; पहिली शर्यत छोट्या कोर्सवर, डावीकडे वळणारी, कारण उडताना तो किंचित डावीकडे जातो; आणि जमीन मऊ झाल्याशिवाय नको, त्याची टाप गुडघा उंच उचलून पडते, टणक जमिनीवर तो आखडेल. त्यांनी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. तांबड्याला पुन्हा बुटक्या हर्डल्सवर न्यायचं ठरलंय, आणि ते काम त्या पुण्याच्या पोराला दिलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस झाला तर कुमैताचं नाव घालतील, नाही झाला तर नोव्हेंबर.