अहो, ब्लॅकपूल बघाच!

ब्लॅकपूलच्या वाळूवरच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते! चेष्टा नाही, नगरपालिकेचे नियमच आहेत तसे, 1942 पासूनचे. शिवाय रोज जेवणाची तासभर सुट्टी आणि संध्याकाळी सातनंतर काम बंद. पाठीवर पोरांना बसवून पाण्याच्या कडेने रमतगमत जायचं, एवढंच काम, पण त्यालाही कायदा! प्रत्येकाच्या कपाळपट्टीवर त्याचं नाव. मी एकाच्या मानेवरून हात फिरवत होते आणि तोंडून निघून गेलं, "अगं, आमच्या गिरणीकामगारांना तरी कुठं मिळत होतं एवढं!"

"आत्या, हळू बोल," भाची म्हणाली.

ती इंग्लंडात प्रेस्टनला असते. तिथून ब्लॅकपूल आगगाडीने अर्ध्या तासावर, तरी ही मुलगी मला तिकडे न्यायला तयार नव्हती. फार चकचकाटी गाव आहे, तुला डोंगर-तळी दाखवते, म्हणत होती. डोंगर-तळी सह्याद्रीतही आहेत हो! मला लँकेशायरच्या गिरणीकामगारांचा समुद्र बघायचा होता. आणि बघितल्यापासून मी गप्प बसलेली नाही.

समुद्र पश्चिमेचा, म्हणजे आपल्यासारखाच सूर्य पाण्यात बुडणारा. वारा मात्र सप्टेंबरातच अंगातून आरपार जातो. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की धक्क्याचे लोखंडी खांब शेवाळासकट पार उघडे पडतात. असे तीन धक्के आहेत इथे. बोटी लागण्यासाठी कमी आणि माणसांनी समुद्रावर चालत जाण्यासाठी जास्त बांधलेले. सगळ्यात जुना नॉर्थ पियर, 1863 सालचा. ते साल वाचून मी थबकलेच. तेव्हा अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या थंडावलेल्या, कामगारांच्या घरी चुली पेटायची मारामार. त्याच वेळी मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आलेला, प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी गब्बर झालेले. आपल्या राजाबाई टॉवरसाठीची त्यांची देणगी त्याच काळातल्या पैशातली. आणि त्याच उपासमारीच्या वर्षी इथल्या लोकांनी समुद्रात धक्का काढून करमणुकीचं दुकान उघडलं! याला धाडस म्हणावं की वेडेपणा, मला ठरवता येईना.

पण चाललं ते दुकान. गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि 'वेक्स वीक', म्हणजे गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा, आला की एकेक गाव आळीपाळीने टाळं लावून इकडे लोटायचं. या आठवड्यात ओल्डम, पुढच्या आठवड्यात आणखी कुठलं. भोंगा बंद, धुराडी बंद, शेजारीपाजारी सगळे एकाच गाडीने समुद्रावर. सुट्टीचा पगार पुष्कळ वर्षं मिळत नसे, म्हणून वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि सात दिवसांत उडवायचे. त्या पैशावर उभं राहिलंय हे सगळं. 1894 चा 158 मीटरचा टॉवर बघा, आयफेलवरून सुचलेला. त्याच्या चार पायांच्या मधोमध सर्कस आहे! पायात सर्कस!

आणि पोटात नाचघर. फ्रँक मॅचम या वास्तुविशारदाने 1899 मध्ये सजवलेलं. छतावर चित्रं, सोनेरी नक्षी, लोंबती झुंबरं, राजवाड्यात शिरल्यासारखंच वाटतं, फक्त इथे राजा कधीच नव्हता. नाचायच्या जमिनीत महोगनी, ओक आणि अक्रोडाचे तीस हजारांहून जास्त तुकडे बसवलेत. दुपारी आम्ही चहा घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा. त्यांनी कापडी पिशवीतून काळे चकचकीत नाचाचे बूट काढले, बाहेरचे बूट त्याच पिशवीत घातले, नाडी दोनदा आवळली, उठून बायकोपुढे हात केला. तेवढ्यात व्यासपीठाच्या जमिनीतून वाजवणाऱ्यासकट अख्खा वुर्लिट्झर ऑर्गन वर आला. मी खुर्चीत उभी राहायचीच बाकी होते! त्या दोघांचं एकही पाऊल चुकलं नाही हो, आणि चेहऱ्यावर कसला आविर्भावही नाही.

बाहेर पडल्यावर एका दुकानात 'रॉक' करताना बघितला, साखरेची कांडी. अक्षरं साखरेच्याच लांब पट्ट्यांची रचतात, त्याभोवती पांढरा गर, वरून गुलाबी साल. माणसाला दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागेल एवढा गरम गोळा लोळवत, ओढत बोटाएवढा बारीक करतात, तरी अक्षर मोडत नाही. कुठेही तोडा, आत ब्लॅकपूल!

आता दिवे. इंग्लंडातल्या शाळा सप्टेंबरात उघडल्या की समुद्रावरची गर्दी ओसरते, घरमालकिणींच्या खोल्या रिकाम्या पडतात. म्हणून या गावाने हंगामच लांबवला. इथे 1879 मध्ये आठ आर्क दिवे लावले होते, एडिसनच्या दिव्याला अजून पेटंटही नव्हतं तेव्हा. आजच्यासारखी रोषणाई 1912 पासूनची, दोन महायुद्धांत बंद पडून पुन्हा उजळलेली. लालबाग-परळच्या गणपतीची रोषणाई दहा किलोमीटर ओढून समुद्राकाठी मांडली तर जे होईल, ते! मोटारी मुंगीच्या पावलाने सरकतात, पोरं छतातून डोकी बाहेर काढून ओरडतात. शेजारून ट्राम जाते. ही विजेची ट्रामही 1885 सालची, मुंबईत तेव्हा घोडे ओढत होते. आम्ही ट्रामने बिस्पमला गेलो आणि तिथून दिव्यांखालून चालत परत. हातात चिप्स, वर भरपूर व्हिनेगर. आपल्याला तिखट लागतं, म्हणून भाचीने पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली. तिचं सगळं तिथे माफ!

मागच्या गल्ल्यांत मात्र पाट्या उतरवलेली हॉटेलं आहेत, फळ्या ठोकलेल्या खिडक्या आहेत. गिरण्या गेल्या, लोक विमानाने स्पेनला जायला लागले. 2019 च्या सरकारी पाहणीत हे गाव इंग्लंडच्या सगळ्यात वंचित भागांत अगदी वर होतं. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांत आमच्यासाठी लिफ्टसुद्धा नाही. इथल्या टॉवरमध्ये तिकीट काढलं की कुणीही नाचावं.

अजून विंटर गार्डन्स हे करमणुकीचं संकुल राहिलंय. 1923 चा लाकडी रोलरकोस्टर, बिग डिपर, राहिलाय, शंभरी उलटूनही धडधडत वर चढणारा. भाची म्हणते, या वयात मुळीच बसायचं नाही. तिकीट मी आधीच काढून ठेवणार आहे, एकटीचं.