आवाज गेला म्हणजे बरं झालं?

ईदची नमाज आम्ही दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर पढतो. १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे बोर्डिंग. लहानपणी अब्बा मला बोट धरून तिथं न्यायचे. आता मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेतो. गेल्या रमजान ईदला परतताना सिग्नलपाशी गाडी थांबली आणि इंजिनातून खळखळ यायला लागली, पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तशी. मी मान वळवून विचारलं, "अब्बा, टायमिंग चेन वाजतेय का?" अब्बा "हां, हां" म्हणाले आणि रस्त्यावरची गर्दी बघत राहिले.

मला ते खटकलं. अब्बांनी उद्यमनगरात ३८ वर्षं लेथवर काम केलं. शेतावरच्या पंपाची ऑइल इंजिनं जिथं बनली, त्या उद्यमनगरात. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून "हिचा पिस्टन गेला" असं सांगणारा माणूस. त्यांनी घरच्या गाडीबद्दल नुसतं "हां, हां" म्हणावं? काम सुटल्यापासून सहा वर्षांत ते असेच झाले होते. पायरीवर बसायचे, वेळेवर नमाजला जायचे, जेवायचे, झोपायचे. कशात बोलणं नाही, कशाची तक्रार नाही. "तुझे अब्बा आता शांत झाले," असं अम्मी सगळ्यांना समाधानाने सांगायची. तरुणपणी ते तापट होते, त्यामुळे आम्हालाही ते बरंच वाटायचं.

गाडीची खळखळ मात्र वाढत गेली. एकदा टेन्शनर बदलून घेतला. चार महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा मेकॅनिक म्हणाला, "सर, हेड खोलून चेन, पट्ट्या, सगळंच बदलू." खर्च ऐकून मी गाडी घरी आणली. मे महिन्याची सुट्टी होती. अंगणात गाडी लावून तिच्याकडे बघत बसलो होतो. अब्बा पायरीवरून उठले, इंजिनाच्या मागच्या बाजूला बोट लावलं आणि म्हणाले, "ये स्प्रिंगवाला निकाल. मैं हातवाला बना देतूं."

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोर स्ट्रोक इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर कॅम. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी, व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडावेत आणि मिटावेत, यासाठी दोघांना एक बारीक चेन जोडते. ती टायमिंग चेन. वापराने तिचे सांधे झिजतात आणि ती लांबते. मग मागून एका पट्टीवर दाब देऊन तिचा सैलपणा काढावा लागतो. हे काम टेन्शनरचं. आजकालच्या गाड्यांत तो आपोआप चालतो. आतली स्प्रिंग दांडी पुढे ढकलत राहते. मालकाला त्याचं अस्तित्वही माहीत नसतं. स्प्रिंग दमली, दांडी अडकली की चेन वाजायला लागते. हाताच्या टेन्शनरमध्ये स्प्रिंगच नसते. एक बोल्ट आणि एक चेकनट. किती कसायचं ते माणसाने ठरवायचं आणि अधूनमधून पुन्हा बघायचं.

दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन उद्यमनगरात त्यांच्या जुन्या दोस्ताच्या कारखान्यात गेले. सहा वर्षांनी ते लेथपाशी उभे राहिले. जुन्या टेन्शनरचं कवच तेवढं ठेवलं. त्यात पितळेचा बुश बसवला, ६.८ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि ८ च्या टॅपने आटे पाडले. बोल्टचं टोक गोल करून पॉलिश केलं, म्हणजे ते पट्टीत रुतणार नाही. चेकनटखाली तांब्याचा वायसर घातला, म्हणजे आट्यांतून ऑइल झिरपणार नाही. मशीन चालू असताना त्यांच्या दोस्ताचा मुलगा ओरडून बोलत होता आणि अब्बा त्याच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होते. कारखान्यात सगळेच तसं बोलतात, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

असरनंतर अंगणात काम काढलं. इंजिन गार होतं. मी व्हिडिओ बघून तयारी केली होती. पाना घेऊन थेट टेन्शनरच्या बोल्टला लावला, तर अब्बांनी माझ्या मनगटावर चापट मारली. बेचाळीस वर्षांच्या, बी.एड. झालेल्या मास्तरला, त्याच्या मुलीसमोर! पण त्यांचं खरं होतं. टेन्शनर काढला की चेन सैल होते. त्या वेळी क्रँक जरा जरी फिरला तर चेन एखादा दात चुकते. मग व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात आणि पिस्टनवर आपटून वाकूही शकतात. म्हणून आधी प्लग काढला, मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं काढली आणि क्रँक हळूहळू फिरवून 'टी'ची खूण खिडकीतल्या खुणेसमोर आणली. दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहिले, ते जरासे सैल लागले. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. त्यानंतर अब्बांनी मान हलवली. चेन अजून कामाची आहे का, हेही त्यांनी आधीच पाहिलं होतं. जुन्या टेन्शनरची दांडी पूर्ण बाहेर आली नव्हती, म्हणजे ताणायला जागा शिल्लक होती. चेनच संपलेली असती तर टेन्शनर बदलून काही उपयोग नव्हता.

नवीन पॅकिंग लावून टेन्शनर बसवला. बोल्ट पट्टीला टेकेपर्यंत बोटांनी फिरवला, क्रँक हाताने दोन-तीनदा सावकाश फिरवून पाहिला, पुन्हा बोटांनी बोल्ट टेकवला. मग प्लग, झाकणं लावून गाडी सुरू केली. खळखळ होतीच, पण कमी. मी पान्याने बोल्ट अर्धा वेढा कसला. आवाज गेला! एकदम शांत. मला इतका आनंद झाला की मी आणखी पाव वेढा दिला आणि चेकनट आवळून टाकला.

माझी मुलगी सातवीत आहे. ती मागे टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, "दादा, शिट्टीसारखं वाजतंय." अब्बांनी वळून पाहिलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, "दादा, बारीक शिट्टी येतेय." ते इंजिनाकडेच बघत होते. मी चिडून तिला म्हणालो, "दादांना काम करू दे." त्यावर ती अगदी सहज बोलली, "अब्बू, त्यांना ऐकू येत नाही. मी समोर जाऊन सांगते." आणि ती समोर गेली, ओठांवर बोट ठेवून शिट्टी वाजवल्यासारखं केलं, मग इंजिनाकडे बोट दाखवलं. अब्बांनी लगेच माझ्या हातातला पाना घेतला.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. बारा वर्षांच्या पोरीला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. मी रोज चाळीस मुलांना शिकवतो. मागच्या बाकावरचा मुलगा गप्प असेल तर त्याला फळा दिसत नसेल, ऐकू येत नसेल, हे आधी बघावं, असं आम्हाला बी.एड.ला शिकवलेलं आहे. स्वतःच्या घरात मात्र मी गप्प बसणाऱ्या बापाला शांत झालेला समजत होतो.

पुढचं काम त्या दोघांनी केलं. चेन जास्त ताणली की पट्टी घासते, दात आणि कॅमचे बेअरिंग झिजतात आणि बारीक सूं असा आवाज येतो. शिवाय इंजिन तापलं की त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक फुगतो आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून गार असताना घट्ट केलेलं गरम झाल्यावर फारच घट्ट होतं. तो बारीक सूर मुलीला ऐकू येत होता, अब्बांना नाही. पण खळखळ अब्बांना कळत होती. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. चेन पट्टीवर आपटली की तो ठोका त्यांच्या हाडापर्यंत पोचत होता. चेकनट सैल करून त्यांनी मला बोल्ट मागे घ्यायला लावला. "हल्लू... हल्लू..." खळखळ सुरू झाली तशी त्यांनी बोट वर केलं. मग केसभर पुढे. मुलगी दुसऱ्या बाजूने कान देऊन होती. शिट्टी नाही, तिने मान हलवली. ठोका नाही, अब्बांनी मान हलवली. "बस." एका हाताने बोल्ट जागच्या जागी धरून दुसऱ्या हाताने चेकनट आवळला. नाहीतर नटाबरोबर बोल्टही फिरतो. मगरिबची अजान होईपर्यंत काम आटोपलं होतं. ती अजान अब्बांना ऐकू आली नाही. मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं. ती रोजच तसं सांगते, हे मला त्या दिवशी दिसलं.

पुढच्या आठवड्यात अब्बांच्या कानांची तपासणी केली. अब्बा आधी नाही म्हणत होते. "उमर है," एवढंच. पण कारण नुसतं वय नव्हतं. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला तर आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच सूर, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. पुरुषाचा जाड आवाज ऐकू येतो, पण त्यातले स, श, फ, थ पुसट होतात. बायका-मुलांचे बारीक आवाज तर फारच कमी पोचतात. म्हणून माणूस ऐकतो, पण त्याला शब्द कळत नाहीत. चारदा "काय?" विचारल्यावर समोरचा वैतागतो. मग तो विचारायचं सोडून देतो आणि "हां, हां" म्हणायला लागतो. अब्बांची "हां, हां" ती होती.

आता अब्बांच्या कानात मशीन आहे. गेलेलं सगळं परत आलेलं नाही. गर्दीत त्यांना त्याचा त्रास होतो, कधी ते काढून खिशात ठेवतात. पण घरात आम्ही आता त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलतो. ते पुन्हा वाद घालतात. परवा भाजीत मीठ जास्त म्हणून बोलले, तेव्हा अम्मी हसून म्हणाली, "आला परत माझा जुना माणूस." अल्हम्दुलिल्लाह.

आपल्या घरांतून किती बुजुर्ग लेथवर, फाउंड्रीत, यंत्रमागावर आयुष्य घालवून आलेले आहेत. ते गप्प असतील तर ते शांत झाले असं लगेच समजू नका. एकदा समोर बसून विचारा, एकदा कान तपासून घ्या. आणि तरुण मुलं अशा कामावर असतील तर आजच त्यांना कानातले बूच द्या. ते फार महाग नसतात.

गाडीचं म्हणाल तर बोल्ट ५०० किलोमीटरनंतर एकदा बघितला. आता दर दोन-तीन हजारांनी बघतो. त्या दिवशी अब्बा स्क्रू ड्रायव्हर घेऊन एका बाजूला बसतात, मुलगी दुसऱ्या बाजूला. माझ्याकडे फक्त पाना असतो.