संशयाचा फायदा

"संशयाचा फायदा देऊन आरोपींची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."

हे वाक्य मी चौतीस वर्षांत किती वेळा टाइप केलं त्याची मोजदाद नाही. जिल्ह्याच्या कोर्टात टायपिस्ट होतो. १९७९ ला लागलो, २०१३ ला सुटलो. साहेबांच्या तोंडून 'संशया' एवढं निघालं की पुढचं बोटं आपोआप ठोकायची. तीन कार्बन घालून. एक प्रत सरकारला, एक वकिलाला, एक दप्तराला. मेलेल्याच्या घरी एकही नाही.

आधीच सांगतो, माझं भांडण या तत्त्वाशी नाही. शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे बरोबरच आहे. आपल्या वस्तीतली पोरंही खोट्या केसेसमध्ये आत जातात, तेव्हा हेच तत्त्व आपल्या कामाला येतं. माझा सवाल साधा आहे. हा संशय येतो कुठून? आणि तो दर वेळी आपल्याच माणसाच्या शब्दावर का येतो?

माझा बाप गावकीच्या काळात बेवारस मढ्याची राखण करायचा. पंचनामा होईस्तोवर रात्र-रात्र थंडीत मढ्याजवळ एकटा बसायचा. मढं राखायला म्हाराचा जीव चालायचा. ते मढं कसं पडलं हे सांगायला म्हाराचा शब्द मात्र चालायचा नाही. तो शब्द पाटलाचा. गावकी गेली, वतनं गेली. शब्दाचं तेवढं अजून राहिलंय.

२५ डिसेंबर आपण मनुस्मृती दहन दिन म्हणून पाळतो. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. बरोबर एक्केचाळीस वर्षांनी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तामिळनाडूतल्या तंजावर भागात कीळवेण्मणी गावी दलित शेतमजुरांची ४४ माणसं एका झोपडीत जाळली गेली. बहुतेक बाया, पोरं, म्हातारी. आपण पुस्तक जाळलं, त्यांनी माणसं जाळली. कारण काय, तर मजुरीत थोडं भात वाढवून मागितलं आणि संघटनेचा लाल झेंडा उतरवला नाही. खालच्या कोर्टात जमीनदारांना शिक्षा झाली. १९७३ मध्ये मद्रास हायकोर्टानं त्यांना सोडलं. निकालातला विचार असा, की आरोपी बडे जमीनदार आहेत, एकाकडं तर मोटार आहे. असली माणसं नोकरचाकर सोडून स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील, हे पटण्यासारखं नाही.

दोस्तहो, हे वाक्य नीट समजून घ्या. संशयाचा फायदा इथं पुराव्यातल्या फटीतून आलेला नाही. तो मोटारीतून आलाय.

११ जुलै ही तारीखही आपल्याला पाठ आहे. १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा जण मेले. त्याच तारखेला, बरोबर वर्षभर आधी, बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात बथानी टोला इथं रणवीर सेनेनं दिवसाढवळ्या २१ माणसं कापली. दलित आणि मुसलमान. त्यात अंगावर पिणारी लेकरंही होती. २०१० मध्ये आऱ्याच्या कोर्टानं २३ जणांना शिक्षा दिली, तिघांना फाशी, वीस जणांना जन्मठेप. २०१२ मध्ये पाटणा हायकोर्टानं तेवीसच्या तेवीस सोडले. साक्षीदार सांगत होते, आम्ही जवळच लपून पाहिलं. कोर्टाला ते पटलं नाही. इतक्या जवळ लपले असते तर मारेकऱ्यांनी त्यांनाही शोधून मारलं असतं, असा तर्क.

म्हंजे खरा साक्षीदार कोण? जो मेला तो. जगला तो खोटा.

१ डिसेंबर १९९७ ची रात्र. लक्ष्मणपूर बाथे, सोन नदीच्या काठी. ५८ माणसं. तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी हे राष्ट्राला लाज आणणारं म्हटलं. रणवीर सेनेच्या पाठीशी कोण राजकारणी आहेत ते शोधायला न्यायमूर्ती अमीर दास आयोग नेमला. २००६ मध्ये अहवाल यायच्या आधीच तो गुंडाळला. २०१० मध्ये खालच्या कोर्टानं २६ जणांना शिक्षा दिली, सोळा जणांना फाशी, दहा जणांना जन्मठेप. २०१३ मध्ये हायकोर्टानं सगळे सोडले. साक्षीदार विश्वासार्ह नाहीत, संशयाचा फायदा. त्याच साली मी निवृत्त झालो. ५८ माणसं मेली हे कुणीच नाकारत नाही. मग मारलं कुणी? सोन नदीच्या पाण्यानं?

आंध्रातल्या चुंडूरच्या लोकांनी तर हद्द केली. ६ ऑगस्ट १९९१ ला त्यांची आठ माणसं मारून पोत्यात घालून कालव्यात टाकली. लोक वर्षानुवर्षं लढले. विशेष कोर्ट गावातच बसवायला लावलं. २००७ मध्ये २१ जणांना जन्मठेप आणि ३५ जणांना वर्षाची शिक्षा झाली. २०१४ मध्ये हायकोर्टानं सगळे सोडले.

आणि आपलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका घरातली चार माणसं. इथं सगळेच आरोपी सुटले नाहीत, काहींचा गुन्हा वरच्या कोर्टातही शाबीत राहिला. पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. वैर होतं, जात नव्हती, असं ठरलं. घरातला वाचलेला बाप २०१७ मध्ये जात हा शब्द निकालात न पाहताच मेला. कुठं माणसाच्या शब्दावर संशय, कुठं जातीवरच संशय.

आता कोर्टाच्या आतलं सांगतो. हे तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही.

ॲट्रॉसिटी कायदा यायच्या आधीची गोष्ट. मांगवाड्यातल्या एका बाईचा नवरा रात्री घरात घुसून मारलेला. बाई साक्षीला उभी राहिली. सरकारी वकिलानं विचारलं, ओळखलं का? म्हणाली, "वळखलं की. कंदील व्हता." उलटतपासात आरोपीचा वकील उठला. म्हणाला, पोलिसांपुढच्या जबाबात कंदिलाचा शब्द नाही. बाई म्हणाली, "त्या फौजदारानं इचारलंच न्हाई, सायेब. मालक दारू पीत व्हता का, ते इचारलं. दुसरी बाई ठिवली व्हती का, ते इचारलं. कंदलाचं कोन इचारतंय?"

भर कोर्टात, मोठ्यानं सांगितलं. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी मला सांगितलं ते असं:

"माझ्या पोलीस जबाबात कंदिलाचा उल्लेख नाही हे खरे आहे. तो का नाही याचे कारण मी सांगू शकत नाही."

बाईनं कारण सांगितलं होतं. कागदावर आलं, की ती कारण सांगू शकत नाही. जबाब घाईघाईनं वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. सात महिन्यांनी निकाल लागला. अंधार होता. ओळख पटण्याइतका उजेड होता हे शाबीत नाही. संशयाचा फायदा.

यात कुणी लाच खाल्ली असं मी म्हणत नाही. साहेब सज्जन होते, वेळेवर यायचे, शिवी द्यायचे नाहीत. त्यांना बाईची भाषा लांबण वाटायची, आणि कोर्टाच्या साच्यात ते ठरलेलं वाक्य चपखल बसायचं. अन्यायाला दर वेळी दुष्ट माणूस लागतोच असं नाही. त्याला छापील साचा पुरतो.

संशय कोर्टात जन्मत नाही. त्याचं बाळंतपण पोलीस ठाण्यात होतं. फिर्याद घ्यायला दोन दिवस लावायचे, मग कोर्टात विचारायचं, उशीर का केला? पंच म्हणून गावच्या मालकाचीच दोन माणसं बसवायची. रक्ताचे कपडे सील न करता कोपऱ्यात टाकायचे. नियमाप्रमाणं ॲट्रॉसिटीचा तपास डीवायएसपीच्या हुद्द्याखालच्या माणसानं करायचा नसतो. तरी हवालदारानं करायचा, म्हंजे आरोपीच्या वकिलाला आयतंच सापडतं. फिर्यादीचा जातीचा दाखला जोडायचा विसरायचा. मग पाच-सहा वर्षं तारखा. तोवर साक्षीदार फितूर होतो. आपण त्याला गद्दार म्हणतो. पण त्याला त्याच गावात राहायचं असतं, त्याच विहिरीवर, त्याच मालकाच्या उसाच्या फडात. त्याच्या पाठीशी कोण उभं असतं?

हाच माझा तुम्हाला सवाल आहे. अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशी आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. पुढारी येतात, चेक देतात, फोटो निघतात. पण सहाव्या वर्षी ती बाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढते तेव्हा कोर्टात कोण असतं? मी पाहिलंय कोण असतं. आवारात मोटारसायकलींवर बसलेली आरोपीची पन्नास माणसं. आणि बाकावर एकटी बाई, पदरात बांधून आणलेली भाकर घेऊन.

मारेकऱ्यांना अभय देण्याची रीत आपल्या देशापुरती नाही. आशियात ठिकठिकाणी आहे. पण तारीख धरून उभं कसं राहावं हेही तिथल्या माणसांनी दाखवलंय. इंडोनेशियात १९९८ मध्ये लष्कराच्या गोळ्यांनी विद्यार्थी मेले. कुणा बड्याला शिक्षा झाली नाही. त्यांच्या आयांनी आणि सोबत्यांनी १८ जानेवारी २००७ पासून दर गुरुवारी जकार्तात राष्ट्रपतींच्या राजवाड्यासमोर काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून उभं राहायला सुरुवात केली. आठशेच्या वर गुरुवार झाले. न्याय मिळालेला नाही. पण लोक विसरले, असं सरकारला म्हणता येत नाही.

आपल्याला तर लांब जायची गरजच नाही. २० मार्च १९२७, चवदार तळं, हे आपलं लेकरूही सांगतं. १७ मार्च १९३७ किती जणांना ठाऊक आहे? त्या दिवशी मुंबई हायकोर्टानं चवदार तळ्याचा दावा आपल्या बाजूनं निकालात काढला. तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला एक दिवस लागला. ते पाणी कोर्टात टिकवायला बाबासाहेब महाडच्या कोर्टापासून मुंबईपर्यंत दहा वर्षं झगडले. आपण पहिली तारीख साजरी करतो. दुसरी विसरलो.

२०१६ पासून कायदाही बदललाय. सुधारलेल्या ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५-अ काढून वाचा. जामिनाची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. एफआयआरची प्रत फुकट. साक्षीदाराला संरक्षण, जायचा-यायचा खर्च. कोर्टाच्या कामाचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, हेही त्यात आहे. नियम ४(५) प्रमाणं पीडिताला आपल्या पसंतीचा नामांकित वकील मागता येतो. हे सगळं कागदावर आहे आणि न मागता मिळत नाही. २ एप्रिल २०१८ ला लोक रस्त्यावर आले तेव्हा कमजोर केलेला कायदा संसदेला त्याच साली पुन्हा घट्ट करावा लागला. रस्त्याची ताकद आपल्याला कळलीय. आता बाकाची ताकद कळू द्या.

तालुक्यातल्या प्रत्येक केसची एक वही करा. फिर्याद कधी दिली, कधी घेतली. तपास कोणी केला. दाखला जोडला का. पुढची तारीख कोणती. फिर्याद लिहिली जाताना लिहिता-वाचता येणारं एक पोरगं बाईच्या शेजारी बसू द्या. उजेड कसला होता, किती लांबून पाहिलं, कुणाचं नाव, हे तिथंच लिहून घ्या. साक्षीच्या दिवशी दहा जण जा. घोषणा नकोत. नुसते बसा, वही उघडी ठेवा. बाईचं वाक्य आणि कागदावरचं वाक्य ताडून पाहा. फरक दिसला तर बाईच्या वकिलाला तिथल्या तिथं उठायला सांगा. अंगठा घेतल्यावर बोलून उपयोग नाही.

पुढची तारीख कधी आहे, ते आजच विचारून या.

जयभीम.