तोंडातली गाठ आणि आईवरचा आळ

तोंडाचा कॅन्सर म्हटला की पहिला प्रश्न येतो, "काय खात होता?" प्रश्न वावगा नाही. आपल्या देशात तोंडाचे बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तरातून उठतात आणि त्यांच्यामागे तंबाखू, गुटखा, मशेरी, सुपारी असते. परंतु या अस्तराखाली स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसाही आहेत. त्यांतून उठणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांत तो जेमतेम एखादा. त्याचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा प्रकार मात्र मुख्यतः लहान मुलांत होतो आणि डोके, चेहरा, मान या भागांत वारंवार दिसतो. बहुतेक मुलांत त्याचे कारण सापडत नाही.

आमच्या वस्तीतल्या आठ वर्षांच्या मुलीच्या गालात गाठ आली. दुखत नव्हती. एका दवाखान्यात दाढ काढली, गोळ्या दिल्या, तरी सूज वाढतच गेली. दीड महिन्यानंतर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते तिच्या वडिलांसोबत परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. गाठीचा तुकडा तपासला, एमआरआय झाला. हा रोग रक्तातून फुफ्फुसांत जाऊ शकतो म्हणून छातीचाही सीटी स्कॅन झाला. तेव्हा कुठे रोगाचे नाव कळले.

इकडे वस्तीत निराळेच चालले होते. आई मशेरी लावते, तिच्यामुळेच पोरीला झाले, असे घरचे आणि शेजारचे बोलू लागले. ती माउली जेवेना. पुढच्या खेपेस आम्ही तिलाच सोबत नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. पण मशेरी सोडा. पोरीला धडधाकट आई लागेल." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मग कित्येक महिने केमोथेरपी, रेडिएशन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद, रेशन कार्ड, रेल्वे सवलतीचा फॉर्म ही कामे आम्ही वाटून घेतली. कारकुनी इथे कामी आली. आता मुलगी शाळेत जाते. तपासण्या चालूच आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ, दाढ काढूनही राहिलेली सूज, पुढे येणारा डोळा, एकाच नाकपुडीतून वारंवार येणारे रक्त, न उघडणारा जबडा यांकडे दुर्लक्ष करू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. मात्र जिथे पुढचे उपचार व्हायचे तिथेच तो काढावा. चीर कुठे द्यायची हे पुढच्या शस्त्रक्रियेचा विचार करून ठरवावे लागते.

आणि रोग्याच्या घरी गेलात तर दोष कोणाचा हे विचारू नका. कोणते कागद हवेत, सोबत कोण जाणार, एवढेच विचारा.